ताबा माझा

जामिनावर सुटून घरी आल्यावर माझ्या भावाने पहिली गोष्ट काय विचारली असेल? "जेवायला काय आहे?"

बूट काढले नाहीत, तोंड धुतलं नाही. एक रात्र कोठडीत काढून आलेला बेचाळीस वर्षांचा माणूस सरळ खुर्चीत बसला, आणि आई लगबगीने गॅसपाशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "आई, त्याला आधी विचार, त्या आजोबांचा पाय कसा आहे ते."

"अगं, दोन घास खाऊ दे त्याला. मग बोल काय बोलायचं ते."

आमच्या घरात हे 'मग' कधी उजाडलेलंच नाही. त्याला सगळे छोट्या म्हणतात. टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी छोट्याच. लहानपणी त्याच्या हातून कपबशी फुटली तर आई म्हणायची, तिला आधीच तडा गेला होता. शाळेत नापास झाला तर मास्तर खडूस होते. आता दारू पिऊन पकडला गेला तर पोलिसांना दुसरी कामं नव्हती.

आमची ड्रायव्हिंग स्कूल आहे. बाबांनी सुरू केली, ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर झाला. दोन गाड्या, एक काउंटर, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता. छोट्या शिकवतो, मीही शिकवते, आणि काउंटर, फोन, फॉर्म, गाड्यांची देखभाल, छोट्याने घातलेले घोळ निस्तरणं हे सगळं माझ्याकडे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर तो दाबायचा, एवढंच शिकवणाऱ्याचं खरं काम. बाकी सगळी बडबड.

बाबांचा एक नियम होता. गाडी निघण्याआधी शिकवणाऱ्याने काउंटरवर, काउंटरवाल्याच्या देखत, शिकणाऱ्याच्या कार्डावर वेळ टाकून सही करायची. मग गाडीत बसायचं आणि किल्ली फिरवण्याआधी मोठ्याने म्हणायचं, "ताबा माझा." शिकणाऱ्याच्या मनातली भीती त्याने निम्मी होते, असं बाबा म्हणायचे. ते असे ओरडायचे की शेजारचा न्हावी वस्तरा थांबवायचा. छोट्या पुटपुटतो. आणि कार्डांवर सकाळीच एकगठ्ठा सह्या मारून मोकळा होतो. त्यावरून आमचं रोज वाजायचं. त्या दिवशी सकाळीही वाजलं होतं. मी सगळी कार्डं उचलून ड्रॉवरमध्ये टाकली आणि म्हटलं, "आजपासून एकेक. माझ्यासमोर. घड्याळ बघून."

दुपारी तो मित्राच्या बढतीच्या जेवणाला गेला. पावणेचारला परत आला, आमच्याकडे शिकायला येणाऱ्या एका नर्सबाईंना घेऊन निघाला. चार वाजून पाच मिनिटांनी चौकात सिग्नल लाल झाला, बाईंनी घाबरून ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला, आणि शेजारी बसलेल्या माझ्या भावाने काही म्हणजे काहीच केलं नाही. गाडी फुटपाथवर चढली, बस थांब्याचा कठडा तोडून बाकाला जाऊन भिडली. बाकावर एक आजोबा बसले होते. घोट्याच्या वर हाड मोडलं.

नर्सबाईंनी उतरून काय केलं माहितीये? गाडीवरची 'एल'ची पाटी उपटली, आजोबांच्या पायाला लावली आणि आपल्या ओढणीने बांधली. डॉक्टर नंतर म्हणाले, कोणी बांधलंय हे, छान बांधलंय. आणि आपले गुरुजी? ते गाडीतच. पोलीस आले, काच वाजवली, नळीत फुंकायला लावलं. यंत्राने जे सांगायचं ते सांगितलं. त्यावर आमचे हे महाशय पोलिसांना काय म्हणाले, तर, "साहेब, मी प्यायलो होतो म्हणून तर गाडी त्यांना चालवायला दिली!"

हेच वाक्य त्याने जेवणाच्या टेबलावरही मला ऐकवलं. वर अशा तोंडाने, की मी शाबासकी द्यावी. पंधरा वर्षं दुसऱ्यांना शिकवणारा माणूस! शिकाऊ माणूस चाकामागे असला तरी कायद्याला चालक म्हणजे शिकवणारा, हे आम्ही पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. तो स्वतःच्या अक्षरात लिहितो.

"तुला आधी नाही का कळलं गं?" आईने मला विचारलं. "तू काउंटरवरच असतेस की."

"मला काय स्वप्न पडलं होतं?" मी ओरडले. "मी कामात होते. माझ्यामागे काय एकच व्याप आहे?"

आई पुन्हा गॅसकडे वळली. माझा आवाज चढला की सगळे गप्प बसतात, हे मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंकडे गेलो. मीच शोधल्या. कोर्टासमोरच्या इमारतीत दुसरा मजला, टेबलावर फायलींचे ढीग, खुर्चीच्या पाठीवर काळा कोट. त्यांनी छोट्याला समोर बसवलं, मला बाजूला. सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, "गुन्हा कबूल केलात तर लायसन्स जाईल, दंड होईल, व्यसनमुक्तीच्या वर्गाला बसावं लागेल. आजोबांच्या पायामुळे थोडी कैदही होऊ शकते, पण मी ती कमी करण्यासाठी झगडेन. लढायचं असेल तर एकच प्रश्न आहे. गाडीचा ताबा कोणाकडे होता?"

छोट्या मान वर करून म्हणाला, "लेसन संपला होता. मी त्यांना म्हटलं, मला घरी सोडा. मी नुसता बसलेलो. म्हणजे पॅसेंजर."

लेसन वीस मिनिटांत कुठे संपतो?

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं असेल तर त्या बाई शिकवणाऱ्याशिवाय गाडी चालवत होत्या. अपघाताची केस त्यांच्यावर जाईल. हे समजून बोलताय ना?"

"जे झालं ते सांगतोय," छोट्या म्हणाला. नजर टेबलावर.

"खोटं बोलतोय हा!" मी उठलेच. "आणि तुम्ही हे लिहून घेणार? फी मी भरतेय!"

"फी तुम्ही भरताय, अशील ते आहेत," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "मला खोटं माहीत असताना मी ते मांडणार नाही. पण तुम्ही तिथे होतात का? त्यांना निघताना पाहिलंत? कार्डावर सही घेता म्हणे तुम्ही. ते कार्ड कुठे आहे?"

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. पोलिसांनी गाडीतलं सामान परत दिलं त्यात मिळालं होतं. तीन पंचेचाळीस, खाली छोट्याची सही. ती सही त्याने माझ्यासमोर केली होती.

"गाडीत कुठेतरी असेल," मी म्हटलं. "आणि मी तेव्हा फोनवर होते. लक्ष नव्हतं."

का म्हटलं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं, भाऊ आहे, विचार करायला एक दिवस हवा. धडधडीत खोटं.

घरी आल्यावर मी छोट्याला शेण खाल्लंस म्हणून जे झोडपलं, ते शेजारच्या जिन्यापर्यंत ऐकू गेलं असणार. तो रडायला लागला. "ताई, माझी दोन पोरं आहेत. आत गेलो तर त्यांना शाळेत काय म्हणतील? त्या बाईंना काय, पहिलाच गुन्हा, सोडून देतील." आईने कार्ड पाहिलं होतं. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "फाडून टाक ना ते. एक कागद तर आहे."

मी कार्ड फाडलं नाही. कोणाला दिलंही नाही. दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि दिसेल त्याच्यावर ओरडले. मेकॅनिकवर ओरडले, वीजबिलवाल्यावर ओरडले, एका कॉलेजच्या मुलीला गिअर चुकला म्हणून इतकं बोलले की ती पुन्हा आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. पोलिसांचं बोलावणं घेऊन. छोट्याने जबाबात जे सांगितलं होतं त्यावर त्यांना उत्तर द्यायचं होतं.

या बाई लोकांच्या घरी जाऊन इंजेक्शनं देतात, जखमांच्या पट्ट्या बदलतात. दोन बस बदलून एका पेशंटकडे, तीन बस बदलून दुसऱ्याकडे. एका दवाखान्याने त्यांना पक्की नोकरी देऊ केली होती, स्वतः गाडी चालवत पेशंटकडे जायची. अट एकच, लायसन्स. पुढच्याच महिन्यात टेस्ट. केस अंगावर आली तर टेस्ट नाही आणि नोकरीही नाही.

त्या काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या. मी लगेच सुरू झाले. माझा भाऊ किती नालायक आहे, आईने कसा डोक्यावर बसवलाय, मी कशी एकटी मरतेय. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, मला त्या दिवशी वास आला होता."

"मग बसलात कशाला गाडीत?" माझ्या तोंडून निघून गेलं. "नर्स आहात ना तुम्ही?"

"हो. म्हणूनच कळलं. पण ते काउंटरवर वाकून सही करत होते, तुम्ही इथे, या खुर्चीत होतात. माझ्यापेक्षा जवळ. तुम्ही घड्याळ बघितलंत, सही बघितलीत, आणि हसून त्यांना म्हणालात, असं रोज करत जा. मला वाटलं, मालकीणबाईंना चालतंय तर मी कोण बोलणारी."

मी काउंटरवरची कार्डं उगाच सरळ केली.

वास मलाही आला होता. आता सांगूनच टाकते. तो काउंटरवर वाकला तेव्हाच आला, वर चघळलेल्या बडीशेपेचा वास. अक्षर डुगडुगत होतं. मला कळलं. आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं, की त्याने वेळ टाकली, माझ्यासमोर सही केली, कितीतरी वर्षांनी माझं ऐकलं. मी इतकी खूश झाले की बाकीचं गिळून टाकलं. साडेचारला दुसरी बॅच होती, शिकवणारा दुसरा नव्हता, आणि कार्ड नियमाप्रमाणे भरलेलं होतं. मी गाडी जाऊ दिली. तीन दिवस मी जो आरडाओरडा करत होते तो खरा माझ्याच नावाने होता, हे समोर स्टुलावर बसलेल्या बाईंनी मला दाखवलं.

मी शटर खाली ओढलं. नर्सबाईंना म्हटलं, "चला. तुम्हाला वकील लागणार."

"मला परवडणार नाही."

"मोफत मिळतो. कोर्टातच खिडकी आहे. जामिनाच्या दिवशी मी पाटी वाचली."

कायदेशीर मदतीच्या खिडकीमागे एक पांढऱ्या मिशांचे वकीलसाहेब होते. समोर पंधरा माणसं, एक पंखा, आणि त्यांचा चष्मा दोरीने बांधलेला. मला वाटलं, हे काय दिवे लावणार! पण त्यांनी कार्ड दोन मिनिटं हातात धरलं आणि नेमका मुद्दा काढला. "तुमचा भाऊ सकाळीच एकगठ्ठा सह्या करतो म्हणता. मग ते म्हणतील, हीही सकाळचीच. नुसत्या कार्डाने भागणार नाही. सही होताना कोणी पाहिली?"

"मी पाहिली."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग पुढचा प्रश्न तुम्हाला ठाऊकच असेल. तुमचा वकील कोण?"

"मला कशाला वकील?"

"परवाना तुमच्या नावावर आहे ना? तुम्ही खरं बोललात तर तो जाऊ शकतो. आधी एखाद्या वकिलाला विचारा, मग साक्ष द्या. मी या बाईंचा आहे, तुमचा नाही."

दुसऱ्यांदा कोणीतरी मला सांगत होतं की मी त्यांची अशील नाही. मी मात्र तिसऱ्या वकिलाकडे गेले नाही. मला जे सांगायचं होतं त्यात सल्ला विचारण्यासारखं काही नव्हतं. पोलिसांकडे कार्ड दिलं, जबाब दिला, की सही माझ्यासमोर तीन पंचेचाळीसला झाली. बाकीचं त्यांनी विचारलं नाही आणि माझी जीभ तेवढ्यावरच थांबली. हो, थांबली. मी काही मोठी शूर नाही.

घरी आई माझ्याशी बोलेनाशी झाली. ताट वाढायची आणि तोंड फिरवून निघून जायची. एकदाच म्हणाली, "तुझे बाबा असते तर त्यांनी असं केलं नसतं."

"बाबा असते तर त्यांनी गाडीच सोडली नसती," मी म्हटलं, आणि ताट बाजूला सारलं.

कोर्टात आमची केस पुकारली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खोली लहान, खिडक्या उंचावर, बाक इतके अरुंद की शेजाऱ्याचा गुडघा लागावा. छोट्या इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. आई त्याच्याशेजारी. मागच्या बाकावर नर्सबाई, आणि कुबडी घेऊन आलेले आजोबा.

मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी कार्ड दाखवलं. मी सांगितलं, सही माझ्यासमोर झाली, लेसन सुरू होताना झाली, आमचा एक लेसन पाऊण तासाचा असतो. मग वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. त्यांनी मला आधी विचारलेलं त्या विसरल्या नव्हत्या.

"सही होताना तुम्ही आरोपीपासून किती अंतरावर होतात?"

"काउंटर मध्ये होतं. दोन फूट."

"दोन फूट. तुम्ही त्यांची सख्खी बहीण. त्यांना लहानपणापासून ओळखता. ते प्यायलेले असते तर तुमच्या लक्षात आलं असतं, बरोबर?"

मला त्यांचा रस्ता दिसला. हुशार बाई. मी "लक्षात आलं नाही" म्हटलं, की यंत्राच्या आकड्यावर संशय घेता येतो. सख्ख्या बहिणीला दोन फुटांवरून कळलं नाही तर यंत्राचं काय घेऊन बसलात! छोट्या वाचतो. मीही वाचते. आणि सगळं परत मागच्या बाकावर, नर्सबाईंच्या अंगावर जाऊन पडतं. छोट्या माझ्याकडे बघत होता, कपबशी फुटल्यावर बघायचा अगदी तसाच.

"आलं लक्षात," मी म्हटलं.

वकीलबाईंनी विचारलं, "काय आलं?"

"वास आला. हात थरथरत होता तेही दिसलं."

खोलीत कुजबुज झाली. वकीलबाई खाली बसायला वळल्या, पण न्यायाधीशांनी लिहायचं थांबवलं होतं. "तुम्हाला माहीत होतं? आणि तरी तुम्ही गाडी जाऊ दिलीत?"

"हो."

"का?"

मी किती तरी उत्तरं तयार केली होती. पुढची बॅच, दुसरा शिक्षक नाही, आई, घर. एकही बाहेर आलं नाही.

"सही वेळेवर झाली होती," मी म्हटलं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. हसण्यासारखंच होतं. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्याकडे बघत राहिले. छोट्याकडे त्यांनी असं एकदाही पाहिलं नव्हतं.

न्यायाधीशांनी माझं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि त्याची एक प्रत परवाना खात्याकडे पाठवायला सांगितली. छोट्याने जेवणाच्या सुट्टीनंतर आपला जबाब मागे घेतला. वकीलबाईंनीच त्याला समजावलं असणार. बाहेर व्हरांड्यात त्याने मला गाठलं.

"ताई, तू स्वतःला का अडकवलंस? नुसतं माझं सांगून मोकळी झाली असतीस."

"तोंड बंद ठेव," मी म्हटलं. "आणि शर्टाचं बटण लाव. पोट दिसतंय."

आई त्याचा हात धरून पायऱ्या उतरली. माझ्याकडे वळून बघितलं नाही. मी त्यांच्यामागे गेले नाही.

नर्सबाई झाडाखाली माझी वाट बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आभार मानतील, किंवा चार शब्द सुनावतील. दोन्हीसाठी मी तयार होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, टेस्टला आठ दिवस राहिलेत. मला रिव्हर्स अजून येत नाही."

"माझा परवाना जाणार आहे. ऐकलंत ना आत?"

"अजून गेला नाही ना?"

नव्हता गेला. कागद यायला पंधरवडा तरी लागणार. आमची दुसरी गाडी कोर्टाच्या आवारातच उभी होती. मी पर्समधून कोरं कार्ड काढलं, बॉनेटवर ठेवलं, घड्याळ बघून वेळ टाकली, सही केली. मग तेच कार्ड त्यांच्यासमोर धरलं. "आधी माझ्या तोंडाचा वास घ्या," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. खरंच पुढे वाकल्या, घेतला, मान डोलावली, आणि जाऊन चाकामागे बसल्या.

मी शेजारी बसले, पाय ब्रेकवर ठेवला.

"ताबा माझा!" मी इतक्या जोरात ओरडले की आवारातले दोन काळे कोट मागे वळले. नर्सबाईंनी किल्ली फिरवली. गाडीने एक गचका खाल्ला आणि बंद पडली.

"क्लच, बाई, क्लच!"